वेदना न कळणाऱ्या बाळाचे दात: काढायचे की राखायचे?

बार्शीजवळच्या एका गावातल्या आईचा प्रश्न आहे. लेक चौदा महिन्यांची. वर चार, खाली चार असे आठ दात आलेत. दात यायला लागल्यापासून ती जिभेचं टोक चावते, खालचा ओठ चावते, दोन बोटांची टोकं सोलून निघालीत, आणि यातल्या कशालाही ती रडत नाही. लस टोचतानाही रडली नाही, तेव्हा पहिल्यांदा शंका आली. जनुकीय तपासणीत वेदना न जाणवण्याचा जन्मजात आजार असल्याचं कळलं. एका दंतवैद्यांनी सगळे दात काढून टाकायला सांगितलं. दुसरे म्हणाले, काही करू नका, मोठी झाली की आपोआप कळेल. आई विचारते: दात काढावेत का? एवढ्याशा बाळाला माऊथगार्ड, म्हणजे दातांवर चढवायचं मऊ कवच, बसतं का? आणि पुढे दात किडले तर कळणार कसं?

ताई, सगळे दात काढू नका. पण नुसती वाटही बघू नका. या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही करता येतं. मी लहान मुलांचे दात बघते, त्याला आता बावीस वर्षं झाली. या आजाराची मुलं त्यात मोजकीच आली, कारण आजारच फार दुर्मीळ आहे. पण त्या प्रत्येकाने मला इतर शंभर मुलांपेक्षा जास्त शिकवलं.

आधी ती असं का करते ते सांगते, कारण घरात कुणीतरी तिला हट्टी ठरवत असेल. आपल्या सगळ्यांची जीभ कधी ना कधी दाताखाली सापडली आहे. डोळ्यांत पाणी येतं आणि पुढचे दोन दिवस आपण जपून खातो. प्रत्येक बाळ दात आल्यावर असंच स्वतःला चावतं, कळ येते, रडतं, आणि दहा-वीस वेळा असं झालं की शहाणं होतं. तुमच्या लेकीला स्पर्श कळतो, दाब कळतो, तोंडात काहीतरी मऊ आलं आहे हेही कळतं. फक्त कळ येत नाही. तिच्या दृष्टीने जीभ आणि रबरी खेळणं यात फार फरक नाही. त्यामुळे रागावून, हातावर चापट मारून काहीही होणार नाही.

२००६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांमधल्या सहा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेदनेचा संदेश मज्जातंतूत पुढे पाठवणारी सोडियमची एक वाहिनी असते. ती ज्या जनुकावरून बनते त्या एससीएन९ए या जनुकात या मुलांमध्ये बिघाड सापडला. या शोधाची सुरुवात एका मुलापासून झाली होती. तो रस्त्यावर स्वतःच्या हातात सुरे खुपसून, जळत्या निखाऱ्यांवर चालून खेळ दाखवायचा आणि चौदावा वाढदिवस येण्याआधीच छपरावरून उडी मारून गेला. मला त्या अभ्यासातली दातांशी जोडलेली नोंद जास्त महत्त्वाची वाटते. सहाही मुलांच्या ओठांना किंवा जिभेला चावून जखमा झाल्या होत्या, दोघांच्या जिभेचा पुढचा एक तृतीयांश भाग उरला नव्हता, आणि हे सगळं पहिल्या चार वर्षांत घडलं होतं. म्हणजे मोठी झाली की कळेल हे अगदी खोटं नाही. चावण्याचा सगळ्यात वाईट काळ खरंच लहानपणीचाच असतो. पण तोवर जीभ शाबूत राहिली पाहिजे ना! गेलेली जीभ परत येत नाही. आपल्याला ही तीन-साडेतीन वर्षं निभावून न्यायची आहेत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तिला घाम येतो का? या आजाराचे एकाहून जास्त प्रकार आहेत. एकात मुलांना घामच येत नाही, काही कारण नसताना ताप चढतो, उन्हाळ्यात तो धोकादायक पातळीवर जातो, हाडांना जंतुसंसर्ग लवकर होतो आणि बऱ्याच मुलांची समजही उशिरा वाढते. त्याचं जनुक वेगळं, एनटीआरके१. त्या मुलांमध्ये चावणं चार वर्षांनंतरही चालू राहू शकतं आणि जखमा भरायला वेळ लागतो, म्हणून तिथे मी जास्त सावध असते. एससीएन९एच्या प्रकारात घाम येतो, बुद्धी इतर मुलांसारखीच असते, पण वास येत नाही. हे बरेचदा कुणाच्या लक्षातच येत नाही. आंबलेलं दूध, करपलेलं अन्न, गॅसची गळती, यातलं काही तिला कळणार नाही. तपासणीच्या अहवालावर जनुकाचं नाव असतं. तो कागद दंतवैद्यांनाही दाखवा.

आता दातांकडे येऊ. पूर्वी अशा मुलांचे दात सरसकट काढत असत. त्यामागचा विचार समजतो: दातच नसले तर चावणार कशाने? पण दुधाचे दात वीस असतात. ते काढले की चावून खाणं गेलं, बोलणं बोबडं राहिलं, जबड्याच्या वाढीवर परिणाम झाला, आणि सहाव्या वर्षी कायमचे दात यायचे ते येणारच. शिवाय घाम न येणाऱ्या प्रकारात दात काढल्याची जखम हीच जबड्याच्या हाडात जंतू शिरायची वाट होऊ शकते.

म्हणून मी सुरुवात सगळ्यात साध्या गोष्टीने करते. नव्या दाताची कड करवतीसारखी असते, बोट फिरवून पाहा. ती धार घासून गुळगुळीत करायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्याने भागलं नाही तर त्या दातांवर दाताच्या रंगाच्या सिमेंटचा, म्हणजे कंपोझिटचा, गोलसर घुमट बसवायचा. दात चाकूसारखा न राहता मण्यासारखा होतो. चावलं तरी मांस तुटत नाही, फार तर दबतं. चौदा महिन्यांच्या, फक्त पुढचे दात आलेल्या बाळासाठी माझ्या मते हाच सगळ्यात चांगला उपाय आहे, कारण तो दाताला चिकटलेला असतो. घुमट झिजतो, कधी निघूनही येतो, तेव्हा पुन्हा बसवायचा. अशी चार-पाच वेळा खेप होईल, त्याची तयारी ठेवा.

माऊथगार्ड बसतं, पण आज नाही. त्याला पकड लागते आणि ती दाढांवर मिळते. पहिल्या दुधाच्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांच्या दरम्यान येतात. त्या नीट वर आल्या की माप घेऊन, प्लास्टरच्या साच्यावर मऊ प्लास्टिकचं दोन-तीन मिलिमीटर जाडीचं गार्ड करता येतं. बाळांसाठी गार्ड करताना मी तीन गोष्टी पाळते. ते एकसंध आणि इतकं मोठं असावं की घशात जाणारच नाही. रंग भडक असावा, म्हणजे तोंडात आहे की गादीखाली गेलं ते लगेच दिसतं. आणि पहिले आठ दिवस कुणीतरी समोर बसलेलं असतानाच घालावं. सुटं पडणारं, कडा कुरतडलेलं गार्ड लगेच फेकून द्या, त्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर जिभेच्या जखमेपेक्षा मोठं संकट होईल. नवा दात आला की जुनं गार्ड बसत नाही, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी नवं लागतं.

आणि हे फार महत्त्वाचं आहे: गार्डसुद्धा जखम करतं. दुसरं कुठलंही मूल हिरडीला काचतंय म्हणून कुरकुर करेल, तुमची लेक करणार नाही. एका मुलाचं गार्ड अगदी छान बसलंय म्हणून सगळे खूश होते. काढून पाहिलं तर त्याच्या कडेखाली हिरडीला लांबच लांब चर पडलेली. म्हणून रोज काढायचं, धुवायचं, आणि त्याखालची हिरडी पाहायची.

दात काढायची वेळ कधीच येत नाही असं नाही. जन्मतःच आलेला हलता दात, ज्याच्या मुळाशी पू झालाय असा दात, किंवा घुमट, गार्ड सगळं करूनही जिभेचं मांस तुटतच राहिलं तर त्यासमोरचा दात, हे काढावे लागतात. एका बाळाचे खालचे दोन दात मी स्वतः काढले आहेत, आणि तो निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं. पण ते दोन दात होते, वीस नव्हते.

बोटांसाठी रात्री हातमोजे चालतात. फारच चावत असेल तर जखम भरेपर्यंत कोपर वाकू नये असं मऊ पट्ट्याचं आवरण थोडे दिवस घालता येतं. हात बांधून मात्र ठेवू नका. या वयात बाळ हातानेच जग शिकतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कळणार कसं? माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. दातांच्या बाबतीत वेदना काय काम करते ते पाहा. गार पाण्याने सणक येते, तेव्हा कीड लागल्याचं कळतं. रात्री ठणका लागतो, तेव्हा कीड दाताच्या आतल्या नसेला पोचल्याचं कळतं. चावताना दुखतं, म्हणून आपण त्या बाजूने खात नाही आणि दाताला आराम मिळतो. हे सगळं काम आता घरातल्या माणसांच्या डोळ्यांनी आणि बोटांनी करायचं आहे.

सुरुवातीच्या वर्षांतली माझी एक चूक सांगते. पाच वर्षांचा मुलगा होता, दाढेत खोल कीड. मी सवयीने विचारलं, दुखतं का? आई म्हणाली, नाही. आजाराचा कागद माझ्या समोर होता, तरी ते 'नाही' ऐकून मी निश्चिंत झाले आणि लवकर भरून घेऊ म्हणत पुढची तारीख दिली. त्या तारखेच्या आधीच ते आले. गाल सुजलेला, ताप, आणि मूल त्याच बाजूने बिस्कीट खात होतं. जबड्याच्या हाडापर्यंत जंतू गेले होते. ते बरं व्हायला महिने लागले. त्यानंतर अशा मुलाच्या बाबतीत 'दुखतं का' हा प्रश्न मी माझ्या पुस्तकातून काढून टाकला.

म्हणून रोज रात्री, दात घासल्यावर, दोन मिनिटं काढा. लेकीला मांडीवर उताणी घ्या, डोकं तुमच्याकडे, आणि कुणालातरी मोबाइलचा उजेड धरायला सांगा. वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. खालचा ओठ बाहेर ओढून आतली बाजू पाहा. दोन्ही गाल आतून. जिभेचं टोक, दोन्ही कडा, आणि जीभ वर करून तिच्या खालची बाजू, कारण खालच्या पुढच्या दातांवर जीभ घासून तिथे एक पांढरट, कडक काठाची जखम होते आणि ती बहुतेक घरांत नजरेतून सुटते. टाळू पाहा, तिथे चटक्याची खूण असते. दात मोजा. हो, रोज मोजा. ही मुलं हलणारा दात तर ओढून काढतातच, पण कधी कधी चांगला घट्ट दातही काढून हातात आणून देतात. मग स्वच्छ धुतलेलं बोट हिरडीच्या कडेने फिरवा. पुळी, मऊ फुगवटा, एखादा दात कालपेक्षा जास्त हलणं, तोंडाला घाण वास, दाताचा रंग करडा पडणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. सहा महिन्यांनी नाही. बाहेरून दोन्ही हात जबड्यावर ठेवून पाहा, एक बाजू गरम किंवा जाड लागते का. दर रविवारी तोंडाचा एक फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याच्या नजरेला हळूहळू होणारा बदल दिसत नाही, फोटोत दिसतो.

ताप आला आणि कारण सापडेना, तर बालरोगतज्ज्ञांना तोंडही पाहायला सांगा. पडली, हनुवटीवर आपटली, आणि नंतर वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळेनात, तर ती हसत असली तरी जबड्याचा एक्स-रे काढा. जबडा मोडलेली मुलं चालत, खेळत माझ्याकडे आली आहेत.

खाण्याचं थोडक्यात सांगते. वरण, दूध, पेज, जे काही द्याल ते आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहा. फुंकर मारून दिलं एवढं पुरत नाही. पातेल्यातून थेट ताटलीत आलेल्या भातात मधे वाफ धरलेली असते. घरी चहा होतो तेव्हा कप तिच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. मोठी झाली की ऊस सोलणं, दाताने बाटलीचं झाकण काढणं, बर्फ चावणं हे तिच्यासाठी कायमचं बंद, कारण दात तडकला तरी तिला कळणार नाही.

घरगुती उपायांबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. दात शिवशिवतात म्हणून हिरडीला लवंगेचं तेल लावू नका, ते कातडी भाजतं आणि ती रडणार नाही. दात येताना लावायची बधिर करणारी जेल हिच्या उपयोगाची नाहीत, आणि त्यातल्या बेंझोकेनमुळे दोन वर्षांखालच्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद धोकादायकरीत्या घटू शकते. आणि घरात कुणी मशेरी लावत असेल तर ते बोट बाळाच्या तोंडात जाता कामा नये. ती जाळलेली तंबाखू आहे.

कीड लागूच न देणं हा हिच्यासाठी सगळ्यात मोठा उपचार आहे. १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी, दिवसातून दोनदा, आणि घासायचं तुम्ही. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात फ्लोराइडचं व्हार्निश. तुमच्याकडे पिण्याचं पाणी बोअरचं असेल तर तेही सांगा, कारण आपल्या राज्यात काही भागांत बोअरच्या पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त असतं. दाढा आल्या की त्यांच्या खाचा भरून घ्या. छोटी कीड दिसली तर सिल्व्हरचं औषध लावून ती थांबवता येते. दात काळा पडतो, पण यंत्र न लावता काम होतं. कीड मोठी असेल तर मी मोठं सिमेंट भरण्यापेक्षा स्टीलची टोपी बसवते, कारण सिमेंटच्या कडेने पुन्हा कीड शिरली तर ते सांगायला इथे ठणका नाही.

तुमच्या जवळच्या दंतवैद्यांनी असं मूल आधी पाहिलेलं नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना हे दाखवा. गार लावून किंवा विजेचा सौम्य झटका देऊन नस जिवंत आहे का पाहायच्या चाचण्या इथे फसव्या, दातावर ठोकून पाहणंही तसंच. एक्स-रे, पुळी, हालचाल आणि रंग यांवरच निर्णय घ्यावा लागतो. बधिर करायचं इंजेक्शन बहुतेक वेळा लागत नाही. पण दुखत नाही म्हणजे भीती वाटत नाही असं नाही. यंत्राचा आवाज, थरथर, तोंडात अनोळखी हात, हे सगळं तिला कळतं. दाबून धरून भराभर काम उरकलं तर ती पुढची दहा वर्षं तोंड उघडणार नाही, आणि हिला तर इतरांपेक्षा जास्त वेळा तोंड उघडावं लागणार आहे. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आजार आधीच कळवा. घाम न येणाऱ्या मुलांचं तापमान भुलीत सतत मोजत राहावं लागतं, आणि घाम अडवणारी अ‍ॅट्रोपिनसारखी औषधं त्यांना शक्यतो टाळतात.

एक विनंती. ती रडली नाही म्हणून 'किती शूर गं माझी बाय' असं कुणी म्हणू नये, आजी-आजोबांनीही नाही. तिला उमगेल की लागल्यावर न रडणं म्हणजे कौतुक, आणि तो सुरे खुपसणारा मुलगा मला त्या क्षणी आठवतो. त्याऐवजी रक्त दिसलं की आईला दाखवायचं, ही सवय लावा आणि दाखवल्यावर कौतुक करा. तीन-साडेतीन वर्षांची मुलं हे छान शिकतात. अंगणवाडीच्या ताईंनाही हे सांगून ठेवा.

तुम्ही लिहिलंय की सासूबाई ग्रहणात बाहेर गेल्याचं कारण देतात. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. हा आजार बहुतेक कुटुंबांत असा येतो की आई आणि बाबा दोघांकडे त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते, दोघेही ठणठणीत असतात, आणि दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच बाळाकडे आल्या की आजार दिसतो. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर तसं होण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या लग्नातही होतं. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता चारात एक असते. दुसऱ्या बाळाचा विचार करायच्या आधी जनुकीय सल्ला घ्या. मुंबईचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालचं केंद्र आहे, तिथे हा सल्ला मिळतो.

या आठवड्यात एवढंच करा. जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा विभाग असतो, तिथे जा. जनुकीय अहवाल आणि जिभेचे आतापर्यंतचे फोटो बरोबर न्या. धार घासून घ्या, घुमट बसवायला सांगा. डॉक्टर तपासतील तेव्हा लेकीला तुमच्या मांडीवरच ठेवा, गुडघ्याला गुडघा लावून डॉक्टरांनी समोर बसायचं आणि तिचं डोकं त्यांच्या मांडीवर, पाय तुमच्या कमरेशी, म्हणजे तिला तुमचा चेहरा दिसत राहतो. आणि हिरडीवर मागच्या बाजूला पहिल्या दाढेचा पांढरा ठिपका दिसला की गार्डच्या मापासाठी लगेच तारीख घ्या.